इन लियू ऑफ बायको

आवकरावांनी बदलीचा अर्ज आपल्या भाषेत लिहिला होता आणि तो चांगला उतरला होता. पण हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तो वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद दोन बोटांत धरून परत केला.

"हे काय लिहिलंय? 'माझी बायको त्या ऑफिसात आहे, मुलगी तिथे आहे, मलाही तिथेच पाठवा.' अहो, हा अर्ज आहे की रडगाणं?"

"खरं आहे ते लिहिलंय, भाऊसाहेब."

"खरं असून उपयोग काय? आपल्या भाषेत लिहिलं की त्याचं गाऱ्हाणं होतं. इंग्रजीत लिहिलं की मॅटर होतो. मुख्यालयात गाऱ्हाण्याला कोण विचारतं? मॅटरला फाईल मिळते, नंबर मिळतो. बसा इथे. मी सांगतो, तुम्ही टाईप करा."

आवकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमाप खात्याच्या नदीकाठच्या ऑफिसात ते आवक टेबलावर बसत. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात विषय लिहायचा, एवढं काम. त्यांच्या पत्नी त्याच खात्याच्या डोंगरावरच्या ऑफिसात जावक टेबलावर होत्या. बाहेर जाणाऱ्या कागदांना नंबर टाकायच्या, म्हणून त्या जावकताई. दोन ऑफिसांच्या मध्ये बसचे सहा तास. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि त्यातली सहा या बसनेच खाल्ली होती.

आवकराव दर दुसऱ्या शनिवारी डोंगरावर जात. गेल्या खेपेला साडेपाच वर्षांच्या लेकीने दार उघडलं, त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत ओरडून सांगितलं, "आई, पाहुणे आले!" जावकताई हसल्या. आवकरावही हसले, पण ते वाक्य त्यांना लागलं, चांगलंच लागलं. डोंगरावरच्या ऑफिसात रेकॉर्ड कारकुनाची जागा दीड वर्षं रिकामी पडली होती. ती मिळाली तर तिघं एका घरात राहणार होते. दुसरं काही त्यांना आयुष्याकडून नको होतं, निदान त्या महिन्यात तरी.

आता भाऊसाहेबांच्या इंग्रजीबद्दल. बावीस वर्षं ऑफिसातून बाहेर पडणारं प्रत्येक इंग्रजी पत्र त्यांच्या हाताखालून गेलं होतं. त्यांच्यामागे सगळे त्यांना 'डिक्शनरी' म्हणत आणि हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. त्यांचा एक लाडका शब्दप्रयोग होता, 'इन लियू ऑफ'. नोकरीला लागल्या लागल्या कुठल्याशा बड्या साहेबाच्या पत्रात त्यांनी तो पाहिला आणि तिथेच जीव जडला. अर्थ कोणाला विचारायची गरज त्यांना वाटली नाही. शब्दाच्या चेहऱ्यावरून त्यांनी तो ओळखला: 'लक्षात घेऊन'. तेव्हापासून उन्हाळा लक्षात घेऊन पंखे मागितले, तेही 'इन लियू ऑफ' आणि गळती लक्षात घेऊन छपराची दुरुस्ती मागितली, तीही 'इन लियू ऑफ'. पंखे आले नाहीत, छप्पर अजून गळतं. पण याचा दोष मुख्यालयाच्या कंजूषपणावर जाई, इंग्रजीवर कधी गेला नाही.

"घ्या," भाऊसाहेब डोळे मिटून म्हणाले. "'इन लियू ऑफ माय वाइफ.' स्वल्पविराम. 'आय मे काइंडली बी पोस्टेड अ‍ॅट द हिल ऑफिस.' पूर्णविराम. झालं."

"एवढंच? ती रिकामी जागा लिहायची राहिली."

"त्यांच्या खात्यात कुठली खुर्ची रिकामी आहे ते त्यांना ठाऊक नाही का? मुख्यालयाला शिकवायला जायचं नाही, आवकराव. बायको लक्षात घेऊन मला डोंगरावर नेमावं. यात सगळं आलं."

"पण भाऊसाहेब, लियू म्हणजे नक्की काय हो?"

"फ्रेंच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे विचारायचं नाही."

चहा घेऊन आलेले शिपाईमामा कौतुकाने मान हलवत उभे होते. या मामांचंही एक कोडंच होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचा निरोपसमारंभ झाला होता. भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, मामा रडले, भाऊसाहेबही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो मामा नेहमीसारखे टेबलं पुसताहेत. कारण मुख्यालयाकडून समारंभाची मंजुरी आली होती, निवृत्तीचा आदेश मात्र आलाच नव्हता. का आला नाही, हे ऑफिसला कळलं नाही. मामांनी विचारलं नाही. फुकटचं घड्याळ मिळालं होतं आणि घरी बसून करायचं काय, हा प्रश्न सुटला होता.

अर्ज गेला आणि अकराव्या दिवशी आदेश आला. ज्या मुख्यालयाला पंख्याचं 'नाही' म्हणायला चौदा महिने लागले होते, त्याने अकरा दिवसांत 'हो' म्हटलं! आवकरावांनी स्वतःच्या हाताने त्या कागदावर आवकचा शिक्का मारला आणि तो उलटा उमटला तरी त्यांना कळलं नाही. आवकराव यांची बदली डोंगरावरच्या ऑफिसात, जावक कारकून या पदावर. सोमवारी हजर व्हावं.

"बघितलंत?" भाऊसाहेब खुर्चीत ताठ झाले. "याला म्हणतात इंग्रजी."

मामांनी आदेशात डोकं घातलं. "जावक कारकून? ते तर आपल्या वहिनींचं टेबल ना?"

"टायपिंगची चूक. रेकॉर्ड कारकून म्हणायचं असेल. मामा, तुम्ही जा, सगळ्यांना चहा सांगा."

चहा येण्याआधी फोन आला. पलीकडे जावकताई.

"अहो, माझी बदली झाली."

"तुझी नाही गं, माझी झाली! आनंदात उलटं बोलायला लागलीस."

"माझी झालीय. नदीकाठच्या ऑफिसात. आवक टेबलावर."

"आवक टेबलावर तर मी बसतो."

"बसता ना? मग उठा. मी येतेय."

आवकराव खरोखरच उठून उभे राहिले. जावकताईंचा आवाज रडका नव्हता. रागात त्या फार स्वच्छ बोलत. "आदेशासोबत तुमच्या अर्जाची प्रत जोडलीय. तुम्ही लिहिलंय 'इन लियू ऑफ माय वाइफ'. मी शेजारच्या शिक्षिकाबाईंना विचारलं. त्यांनी पुस्तक उघडून दाखवलं. इन लियू ऑफ म्हणजे 'च्या ऐवजी'. माझ्या बायकोच्या ऐवजी मला डोंगरावर नेमावं. असं तुम्ही सही करून मागितलंत आणि त्यांनी दिलं. आता मला सांगा, मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"अगं, ते भाऊसाहेबांनी..."

"सही कोणाची आहे?"

आवकरावांनी फोन ठेवला आणि भाऊसाहेबांकडे वळून 'ऐवजी' एवढा एकच शब्द उच्चारला.

भाऊसाहेब हसले. आधी मोठ्याने, मग कमी, मग नुसते दात दिसत राहिले. "शक्यच नाही. बावीस वर्षं वापरतोय मी. आणा ती डिक्शनरी!"

ऑफिसची डिक्शनरी आतल्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे लावलेली असे. वजनमाप खातंच ते. तिचं वजन दोन किलो तीनशे वीस ग्रॅम भरतं हे झाडून सगळ्यांना पाठ होतं. आत काय लिहिलंय ते पाहायची वेळ कोणावर आली नव्हती. मामांनी ती उचलून आणली, फडक्याने पुसली. मागे दार धाडकन आपटलं. भाऊसाहेबांनी पान काढलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा पान पाहिलं.

"छपाईची चूक आहे," ते म्हणाले.

"सगळ्याच डिक्शनऱ्यांत?" आवकरावांनी विचारलं. "शेजारच्या बाईंच्यासुद्धा?"

भाऊसाहेबांनी डिक्शनरी मिटली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. बावीस वर्षांची पत्रं एकेक करून डोक्यातून जात असणार. उन्हाळ्याऐवजी पंखे द्या. गळतीऐवजी छपराची दुरुस्ती द्या. मुख्यालयातला माणूस ते वाचून डोकं खाजवत बसला असेल, आणि शेवटी त्याने फाईल बंद केली असेल.

एवढ्यात मामांच्या डोक्यात उजेड पडला. "भाऊसाहेब, माझं पत्र तुम्हीच लिहिलं होतंत ना? निवृत्ती लक्षात घेऊन निरोपसमारंभाला मंजुरी द्यावी?"

"हो."

"म्हणजे ते झालं, निवृत्तीऐवजी निरोपसमारंभ!"

"हो, मामा."

"म्हणून मी अजून नोकरीत आहे होय! मग काय वाईट आहे हो हा शब्द? चांगलाच आहे की."

आवकरावांनी मुख्यालयाला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी फाईल शोधली, वाचली आणि त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "अहो, तुमच्या अर्जाचं इथे फार कौतुक झालं. साहेब म्हणाले, बायकोला डोंगरावरची थंडी सोसत नसणार, म्हणून नवरा स्वतः तिच्याऐवजी जायला तयार झाला. आजच्या काळात असा माणूस कुठे मिळतो! साहेबांनी हातचं काम बाजूला ठेवून तुमची फाईल काढली."

"पण मला तसं म्हणायचं नव्हतं हो. माझ्या इंग्रजीत चूक झाली."

"मुळीच नाही. साहेब म्हणाले, नदीकाठच्या ऑफिसातून आलेलं हे पहिलं पत्र, ज्याचा अर्थ लागला."

आदेश निघाला की आधी हजर व्हायचं आणि तक्रार मग करायची, हा खात्याचा नियम. तेव्हा दोघांनाही सोमवारी एकमेकांच्या खुर्चीत बसणं भाग होतं. दोन्हीकडून बस दिवसाला एकच, सकाळी दहाला सुटणारी. दोन्ही बस अर्ध्या वाटेवर एका उपाहारगृहासमोर दहा मिनिटं थांबत. म्हणजे रविवारी दुपारी एक वाजता नवरा-बायकोची भेट होणार होती, आणि तीही दहा मिनिटांची. लेकीची शाळा डोंगरावर, म्हणून लेक डोंगरावरच राहणार होती. जावकताईंनी तिला आणून द्यायची, आवकरावांनी परत घेऊन जायची.

उपाहारगृहाच्या पायरीवर जावकताईंनी पर्समधून दोन कागद काढले. त्या चांगल्या कारकून होत्या. कार्यभार तोंडी देण्याची त्यांना सवय नव्हती.

"वाचा आणि दोन्ही प्रतींवर सही करा."

आवकरावांनी वाचलं. घराची किल्ली एक, जादा किल्ली शेजारी. गॅस सिलिंडर एक, संपत आलेलं. डाव्या हाताच्या नळाची चकती गेलेली, जोरात फिरवू नये. मुलगी एक, चालू स्थितीत. खालचे दोन दात हलते, ओढू नयेत. वेण्या रोज दोन. रात्री गोष्ट एक, राक्षस नको.

"अगं, ही काय पद्धत झाली?"

"तुम्हाला लेखी कळतं म्हणून लेखी दिलं," जावकताई म्हणाल्या आणि लेकीच्या स्वेटरचं वरचं बटण लावू लागल्या. ते आधीच लावलेलं होतं. त्यांनी ते काढून परत लावलं. कंडक्टरने शिटी मारली. दोघं उलट्या दिशांच्या बसमध्ये चढली, आणि लेक खिडकीतून समोरच्या बसमधल्या आईला हात हलवत राहिली.

आता आवकराव जावक टेबलावर आणि जावकताई आवक टेबलावर. वाचकांनी गोंधळून जाऊ नये, आम्ही जुनीच नावं वापरणार आहोत. बदल्या खात्याने केल्या आहेत, आम्ही नाही.

आवकरावांनी वेण्या शिकायला तीन आठवडे घेतले. तोवर लेक एक वेणी कानावर आणि एक मानेवर अशी शाळेत जात होती आणि रोज संध्याकाळी फोनवर आईकडे त्याची तक्रार करत होती. "आई, बाबा चांगला आहे. पण तू ये." जावकताई इकडे फोन ठेवून आवकच्या रजिस्टरात दुकानदारांच्या तराजूंचे नंबर लिहीत. एकदा त्यांनी विषयाच्या रकान्यात 'वेण्या' असं लिहिलं आणि खोडलं.

शेवटी त्यांनी ठरवलं की हा गुंता इंग्रजीने केला आहे, तर इंग्रजीनेच सोडवायचा, फक्त बरोबर इंग्रजीने. दारामागची डिक्शनरी त्यांनी टेबलावर आणली. 'इन लियू ऑफ'ची सगळी उदाहरणं वहीत उतरवली. शेजारच्या शिक्षिकाबाईंना फोन करून दोनदा खात्री करून घेतली. आणि अर्ज लिहिला: नदीकाठच्या आवक कारकुनाच्या पदाऐवजी मला डोंगरावरचं रेकॉर्ड कारकुनाचं रिकामं पद मिळावं. 'इन लियू ऑफ' अगदी जिथे बसायला हवं तिथे बसलं होतं. त्या ऑफिसच्या इतिहासात हा शब्दप्रयोग पहिल्यांदाच बरोबर वापरला गेला होता.

भाऊसाहेबांनी अर्ज पाहिला आणि ते दचकलेच. "वहिनी, हा शब्द नका ना वापरू. मी आता त्याच्या वाटेला जात नाही."

"भाऊसाहेब, शब्दाचा काय दोष? त्याच्याकडून त्याचं काम करून घ्या, तो बिघडत नाही."

भाऊसाहेबांनी सही केली, पण त्यांचा चेहरा उतरला होता. जावकताईंना वाटलं, शरमेने. तसं नव्हतं. कारण ते उघड झालं दोन आठवड्यांनी, जेव्हा मुख्यालयाचं एक जाडसर पाकीट आवक टेबलावर येऊन पडलं. आत दोन कागद होते. वरचा होता जावकताईंचा आदेश. तो त्यांनी वाचला, परत वाचला. मग मामांना म्हणाल्या, "मामा, मला पाणी द्या."

जावकताईंकडे नदीकाठचं आवक कारकुनाचं पद असल्याचं लक्षात घेऊन, त्यांच्याकडे डोंगरावरच्या रेकॉर्ड कारकुनाच्या पदाचाही अतिरिक्त कार्यभार सोपवण्यात येत होता. सोमवार, मंगळवार नदीकाठी. गुरुवार, शुक्रवार डोंगरावर. बुधवार आणि शनिवार प्रवासासाठी.

"लक्षात घेऊन?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी 'ऐवजी' लिहिलं होतं."

दुसरा कागद होता परिपत्रक. नदीकाठच्या कार्यालयाच्या हेडक्लार्कनी कळवल्यानुसार, त्या कार्यालयात 'इन लियू ऑफ' हा शब्दप्रयोग पूर्वापार 'लक्षात घेऊन' या अर्थाने चालत आलेला आहे. ज्याप्रमाणे काही भागांत स्थानिक मापं चालतात, त्याप्रमाणे हे स्थानिक माप समजून यापुढे त्या कार्यालयाची सर्व पत्रं तशीच वाचावीत.

जावकताई परिपत्रक हातात धरून हेडक्लार्कच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या. भाऊसाहेबांनी टेबलावरचे पितळी वजनांचे तुकडे लहानमोठे लावायला घेतले.

"हे तुम्ही कळवलंत?"

"आवकरावांची बदली झाली त्याच आठवड्यात, वहिनी. मला झोप लागेना. म्हटलं, कोणी जुन्या फायली उघडल्या तर? बावीस वर्षांची अब्रू जायची."

"पण तुम्ही माझं बरोबर इंग्रजी चुकीचं करून टाकलंत!"

"नाही हो. मी फक्त माझं चुकीचं बरोबर करून घेतलं. तुमचं मध्ये सापडलं."

"आणि मी अर्ज दाखवला तेव्हा तोंड का शिवलं होतंत?"

"सांगितलं असतं तर मी पत्र पाठवल्याचंही सांगावं लागलं असतं." भाऊसाहेबांनी पन्नास ग्रॅमचं वजन वीसच्या जागी ठेवलं. "चुकलं माझं, वहिनी." हे वाक्य त्यांनी आपल्या भाषेत म्हटलं, आणि जावकताईंना ते कळायला एक क्षणही लागला नाही. पण कळून उपयोग नव्हता. बुधवारची बस सकाळी दहाला होती.

मग जावकताईंचा संसार बसमध्ये सुरू झाला. आठवड्यातले बारा तास सीटवर. बुधवारी संध्याकाळी घरी पोचायच्या, शनिवारी सकाळी दहाच्या बसने परत निघायच्या. लेक हिशेब ठेवायला शिकली होती. आई आली की दोन बोटं दाखवायची, शुक्रवारी रात्री दोन्ही मिटायची. आवकराव डब्यात पोळीभाजी बांधून देत आणि फाटकापर्यंत सोडायला जात. बोलायला दोघांना दमच नसे.

बसमध्ये खिडकीशी बसून जावकताई विचार करत. बरोबर लिहिलं तर मुख्यालय चूक वाचणार. चूक लिहायचं ठरवलं, तर उद्या कोणा शहाण्याने परिपत्रक रद्द केलं म्हणजे पुन्हा पंचाईत. असं एखादं वाक्य हवं होतं की ज्यात तो शब्द 'ऐवजी' म्हणून वाचा की 'लक्षात घेऊन' म्हणून वाचा, अर्थ एकच निघेल. तिकिटाच्या मागे त्या वाक्यं जुळवून पाहत. 'मुलीचं लहान वय लक्षात घेऊन' हे ठीक, पण 'मुलीच्या लहान वयाऐवजी' म्हणजे काय? खोडलं. 'आमच्या संसाराऐवजी'? बाप रे! ते तर तिकिटासकट फाडून खिडकीबाहेर टाकलं. अशी सतरा तिकिटं खराब झाली. अठराव्या तिकिटावर वाक्य सापडलं, आणि जावकताई एवढ्या मोठ्याने "हां!" म्हणाल्या की ड्रायव्हरने बस थांबवली.

सोमवारी त्यांनी कागद भाऊसाहेबांपुढे ठेवला. 'इन लियू ऑफ अवर सेपरेशन, पती-पत्नी दोघांनाही डोंगरावरच्या कार्यालयात नेमावं.'

भाऊसाहेबांनी आधी आपल्या अर्थाने वाचलं. "आमची ताटातूट लक्षात घेऊन, दोघांना एकत्र नेमावं. बरोबर आहे." मग त्यांनी धीर करून डिक्शनरीच्या अर्थाने वाचलं. "आमच्या ताटातुटीऐवजी, दोघांना एकत्र नेमावं." ते थबकले. पुन्हा इकडून वाचलं, पुन्हा तिकडून. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. "वहिनी, हे दोन्ही बाजूंनी चालतं! अहो, ही तर माझ्या शब्दाची इज्जत वाचवलीत तुम्ही. फक्त इथे एक 'काइंडली' घालू का?"

"एक अक्षर हलवायचं नाही."

"बरं, बरं. स्वल्पविराम?"

"आहे तिथेच राहील."

आदेश नवव्या दिवशी आला. आवकराव डोंगरावर, जावक कारकून. जावकताई डोंगरावर, रेकॉर्ड कारकून. सोबत भाऊसाहेबांना स्वतंत्र पत्र होतं: संदिग्धता टाळून पत्र कसं लिहावं याचा आदर्श म्हणून त्यांच्या कार्यालयाचा हा अर्ज सगळ्या शाखांना पाठवण्यात येत आहे आणि मार्गदर्शनाबद्दल हेडक्लार्कचं अभिनंदन. भाऊसाहेबांनी ते पत्र फ्रेम करून खुर्चीमागे लावलं. डिक्शनरी दारामागे गेली. जावकताईंना यावर काही बोलायचं नव्हतं, त्यांना बस पकडायची होती, आणि या वेळी एकाच बाजूची.

सोमवारी संध्याकाळी नवरा-बायको एकाच ऑफिसातून, एकाच रस्त्याने, चालत घरी आले. असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. आवकरावांनी रस्त्यात उगाच दोनदा विचारलं, "थकलीस का?" आणि जावकताईंनी दोनदा "नाही" म्हटलं. घरी आल्यावर जावकताईंनी मोठी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली. आवकरावांनी चहा ठेवला.

लेक शेजारून खेळून आली. दारातच थांबली. आईला बघितलं, बाबाला बघितलं, आणि बोटं मोजून पाहिली. आज सोमवार होता.

"आई आली?"

"हो."

"मग बाबा, तू कधी जाणार?"

"मी नाही जाणार कुठे."

तिने आईकडे मान वळवली. "मग तू?"

"मीसुद्धा नाही, सोन्या. आता आम्ही दोघं इथेच."

लेकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती आत गेली. आत कपाट उघडल्याचा आवाज झाला, काहीतरी खाली पडलं. आवकराव कप घेऊन बाहेर आले तेव्हा ती बूट घालून उभी होती. पाठीवर दप्तर होतं, त्यातून फ्रॉकची एक बाही बाहेर लोंबत होती आणि तिने ओठ घट्ट मिटले होते, रडायचं नाही असं ठरवल्यासारखे.

"मग माझी बदली कुठे झाली?"